नोंद नर्सची, निर्णय कोणाचा?

अत्यवस्थ रुग्णाच्या तक्त्यात नाडी, ताप, श्वास, रक्तदाब, शुद्ध असे रकाने असतात. ते एकदम आलेले नाहीत. आणि ते भरणाऱ्या नर्सने आकडा बिघडलेला दिसल्यावर काय करायचे, हा प्रश्न तर रकान्यांपेक्षाही उशिरा सुटला.

फ्लोरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा ताप हाताच्या स्पर्शानेच पाहिला जाई. परिचर्येवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी आजाऱ्याच्या निरीक्षणाला वेगळे प्रकरण दिले. निरीक्षण माहिती गोळा करण्यासाठी नसून जीव वाचवण्यासाठी आहे, हे त्यांनी बजावले होते. ही गोष्ट पुढे बराच काळ विसरली गेली, असे मला वाटते.

आकडे आले ते उपकरणांमागून. जर्मनीत लाइपझिगच्या डॉ. कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांचे ताप मोजून १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला. पण त्या काळचा थर्मामीटर फूटभर लांब असे आणि आकडा स्थिरावायला वीसेक मिनिटे लागत. त्याच सुमारास इंग्रज डॉक्टर क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची थर्मामीटर केला, त्याला पाच मिनिटे पुरत. काम सोपे झाले, रोजचे झाले आणि नर्सकडे आले. रक्तदाबाचा पट्टा १८९६ चा, तो मोजताना स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची पद्धत १९०५ ची. तीही यथावकाश नर्सच्या कामात जमा झाली. मोजायचे नर्सने, अर्थ लावायचा डॉक्टरने, अशी वाटणी ठरून गेली.

ती वाटणी मोडली ती नाइलाजाने. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यातून नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास देण्याचा मार्ग काढला. सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबत बसले. रुग्णाजवळून क्षणभरही हलायचे नाही, ही अतिदक्षता विभागाची कल्पना इथेच रुजली.

पुढचे पाऊल हृदयरोग्यांच्या विभागात पडले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाची लय अचानक विस्कटली, तर हाताशी मोजकी मिनिटे असतात. डॉक्टर येईपर्यंत वाट पाहणे म्हणजे रुग्ण गमावणे. म्हणून १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी नर्सना मॉनिटरवरची लय ओळखायला शिकवले, आणि डॉक्टर नसताना विजेचा धक्का देण्याची मुभाही दिली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हेच खरे वळण. इथे पहिल्यांदा नर्सने जे पाहिले, त्यावर तिनेच कृती केली.

बेशुद्धीचे मोजमाप मात्र शब्दांतच अडकले होते. एकाची ‘अर्धवट शुद्ध’ ती दुसऱ्याची ‘गुंगी’. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांच्या ठरावीक पायऱ्या आखून दिल्या. त्यामुळे रात्रपाळीची नोंद दिवसपाळीच्या नोंदीशी ताडून पाहता येऊ लागली.

साध्या वॉर्डात मात्र जुनीच रीत चालू होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांपैकी ८४ टक्के रुग्णांची प्रकृती आधीच्या आठ तासांत ढासळल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे धोक्याची खूण दिसत होती. तिच्यामागे धावायचे कोणी, हे ठरलेले नव्हते. त्याच सुमारास सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात ढासळणाऱ्या रुग्णाकडे धावून जाणारे तातडीचे पथक उभे राहिले. अशा पथकांना बोलावण्याच्या निकषांत पुढे ‘रुग्णाची काळजी वाटते’ एवढे कारणही पुरेसे मानले गेले. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये धोक्याची आगाऊ सूचना देणारी गुणपद्धत मांडली गेली: तक्त्यातला आकडा जितका बिघडलेला तितके जास्त गुण, आणि शेवटी साऱ्यांची बेरीज. २०१२ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तिचे राष्ट्रीय रूप आणले. बेरीज पाचवर पोहोचली की तातडीने डॉक्टर, सातवर पोहोचली की आणीबाणी.

गंमत म्हणजे यातला श्वासाचा वेग हा सर्वांत दुर्लक्षित आकडा. त्याला लागते फक्त घड्याळ आणि पूर्ण एक मिनिट, आणि घाईच्या पाळीत नेमके तेच मिनिट वाचवले जाते.

या गुणपद्धतीच्या २०१७ च्या सुधारित आवृत्तीत नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला एकदम ३ गुण मिळाले. पण तो ‘नवा’ आहे हे सांगायला हा माणूस काल कसा बोलत होता, हे ठाऊक असावे लागते.