मृत मासे पाण्यावर तरंगणे

पाण्यात मेलेला मासा काही काळाने पृष्ठभागावर येतो आणि बहुधा पोट वर करून तरंगू लागतो. या घटनेमागे शरीराची घनता, वाताशयातील (माशाच्या शरीरातील वायूने भरलेल्या पिशवीतील) वायू आणि मरणोत्तर कुजण्याची क्रिया ही तीन कारणे एकत्र असतात. मासा मेला की तो लगेच वर येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि पुष्कळ मासे आधी तळाशी जातात व नंतर वर येतात, आणि काही तर कधीच वर येत नाहीत.

माशाचे स्नायू व हाडे पाण्यापेक्षा जड असतात. वाताशय वगळल्यास त्याच्या शरीराची घनता चरबीच्या प्रमाणानुसार साधारणतः १·०५ ते १·०८ ग्रॅ./घ. सेंमी. भरते. ती १·०७ धरली, तर एक किलो वजनाचा रोहू सुमारे ९३५ घ. सेंमी. पाणी बाजूस सारतो आणि आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्याच्यावरील प्लावक बल (पाण्याचा वर ढकलणारा जोर) त्याच्या वजनापेक्षा सु. ६५ ग्रॅमने कमी पडते. ही तूट भरून काढण्यास सु. ६५ घ. सेंमी. वायू पुरेसा होतो. गोड्या पाण्यातील माशांचे वाताशय शरीराच्या आकारमानाच्या ७ ते ८ टक्के असते, ते या हिशेबाशी जुळते. समुद्राचे पाणी अधिक दाट असल्याने सागरी माशांत ते सु. ५ टक्केच पुरते.

हा तोल मात्र खोलीशी बांधलेला असतो. पृष्ठभागापासून १० मी. खाली दाब सु. दुप्पट होतो, वायूचे आकारमान निम्म्यावर येते आणि वरील उदाहरणातील मासा सु. ३२ ग्रॅमने जड होऊन आणखी खाली जाऊ लागतो. उलट तो थोडा वर सरकला, तर वायू प्रसरण पावून त्याला अधिक वर नेतो. जिवंत मासा परांच्या हालचालीने आणि वायूचे प्रमाण कमीजास्त करून हा अस्थिर समतोल सांभाळतो. मृत्यूनंतर हे नियंत्रण संपते. त्यामुळे मरतेवेळी मासा कोणत्या खोलीवर होता, यावर त्याचे शव आधी बुडणार की तरंगणार, हे बरेचसे ठरते.

वाताशयाच्या उत्पत्तीविषयी दीर्घकाळ मतभेद होते. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली वाताशयाचे रूपांतर होऊन फुप्फुस तयार झाले असावे, असे प्रतिपादन केले. पुढील तुलनात्मक शारीरविज्ञान व जीवाश्म यांच्या आधारे क्रम बहुधा उलट असावा, असे मत पुढे आले: अस्थिमत्स्यांच्या पूर्वजांत अन्ननलिकेपासून निघालेली फुप्फुसे आधी होती आणि किरणपरी (काट्यांसारख्या किरणांनी आधारलेले पर असलेल्या) माशांच्या वंशात त्यांचेच वाताशय बनले. आफ्रिकेतील पॉलिप्टेरस या प्राचीन वंशातील माशात अन्ननलिकेच्या अधर (पोटाकडील) बाजूस निघणारी फुप्फुसे आजही आहेत, तर बहुतेक माशांतील वाताशय तिच्या पृष्ठीय (पाठीकडील) बाजूस असते. हा स्थानबदल कसा झाला, हा प्रश्न सोडल्यास दुसरे मत आज अधिक ग्राह्य मानले जाते. प्रस्तुत विषयाशी या चर्चेचा संबंध असा की, रोहू, कटला, मृगळ इ. माशांत वाताशय व अन्ननलिका यांना जोडणारी नलिका प्रौढपणीही खुली राहते, तर चिलापीसारख्या माशांत ती नाहीशी झालेली असते आणि वायू रक्तातूनच आत सोडला व शोषला जातो. पहिल्या गटातील मेलेल्या माशाचा वायू नलिकेवाटे तोंडातून निसटू शकतो. दुसऱ्यात त्याला अशी वाट नसते.

तरंगण्याचे श्रेय वाताशयाला द्यावे की कुजण्यातून निर्माण होणाऱ्या वायूंना, याविषयी लोकप्रिय विवेचनांत एकवाक्यता नाही. वाताशयाच्या भित्तीतील ग्वानीन स्फटिकांमुळे वायू सहजासहजी झिरपत नाही, हे खरे. तरीही वायूचा नवा पुरवठा थांबल्यावर, विशेषतः खोल पाण्यात, तो हळूहळू भोवतालच्या ऊतकांत विसरित होतो (पसरत जातो). शिवाय आधी बुडून नंतर वर येणाऱ्या शवाचा उलगडा केवळ वाताशयाने होत नाही. सह्याद्रीतील वेगवान ओढ्यांत राहणाऱ्या, दगडांना चिकटून राहणाऱ्या शिंगाळ्यासदृश लहान माशांत वाताशय फारच लहान व हाडांच्या आवरणात बंदिस्त असते. त्यांच्या बाबतीत तर वाताशयाचा आधार जवळजवळ नाहीच. म्हणून पृष्ठभागाजवळ मेलेल्या माशांत वाताशय आणि तळातून वर येणाऱ्या माशांत कुजण्याचे वायू प्रधान असतात, ही मांडणी अधिक सयुक्तिक वाटते.

मृत्यूनंतर पाचक एंझाइमे शरीराच्याच ऊतकांवर क्रिया करू लागतात आणि आतड्यातील, ऑक्सिजनविना वाढणारे जीवाणू कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया हे वायू निर्माण करतात. अमोनिया पाण्यात अतिशय विद्राव्य असल्याने दुर्गंधीतील तिचा वाटा मोठा असला, तरी फुगवट्यातील अल्प असतो. रोहू व मृगळ यांना जठर नसते व आतडे बरेच लांब असते. ते अन्नाने भरलेले असल्यास जीवाणूंना भरपूर खाद्य मिळते. उन्हाळ्यातील उथळ, कोमट पाण्यात एकदोन दिवसांत पोट फुगून शव वर येते. थंड पाण्यात हीच क्रिया फार मंदावते. खोलीचा परिणामही तसाच आहे: ४० मी. खोलीवर दाब सु. पाचपट असल्याने तेवढाच फुगवटा येण्यास पाचपट वायू लागतो, आणि दाब वाढल्याने वायू अधिक प्रमाणात विरघळतोही. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाची उंची १०३ मी. आहे, त्याच्या शिवाजीसागर या जलाशयाच्या खोल भागात तळाशी गेलेली सर्वच शवे वर येतील, असे त्यामुळे मानता येत नाही. तरंगणाऱ्या शवाची उदरभित्ती अखेर फुटते, वायू निघून जातो आणि अवशेष पुन्हा बुडतात.

पोट वर होण्याचे कारण गुरुत्वमध्य (वजन जेथे एकवटल्यासारखे वाटते तो बिंदू) व प्लवनमध्य (वर ढकलणारे बल जेथे लागते तो बिंदू) यांच्या स्थानांत आहे. पाठीकडील स्नायू व कणा जड, तर वाताशय कण्याच्या खाली आणि आतडी त्याहून खाली असतात. वायू खालच्या बाजूस असल्याने ही रचना उलटी होण्याकडेच कललेली असते. चपट्या अंगाचे मासे अनेकदा कुशीवर तरंगतात.

सांगली परिसरात कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच तरंगताना दिसण्याचे प्रसंग अनेकदा आले आहेत. मळीपासून मद्यार्क बनविल्यावर उरणाऱ्या प्रक्रियारहित द्रवाची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजविताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ४०,००० मिग्रॅ. वा त्याहून अधिक असू शकते, तर स्वच्छ पाण्यात २०° से. तापमानाला लिटरमागे सु. ९ मिग्रॅ. आणि ३०° से.ला सु. ७·५ मिग्रॅ. इतकाच ऑक्सिजन मावतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागे पाणी संथ असताना असा द्रव किंवा गावांचे सांडपाणी मिसळल्यास ऑक्सिजन झपाट्याने संपतो. अशा वेळी मासे मरण्यापूर्वीच पृष्ठभागावर येऊन तोंड वर काढतात व तेथेच मरतात. हे वर येणे फुगून वर येण्यापासून वेगळे मानले पाहिजे. शव न फुगलेले व कल्ले अद्याप लाल असतील, तर मृत्यू नुकताच झालेला असतो. फुगलेली शवे आधीच्या, कदाचित प्रवाहात वर घडलेल्या घटनेची असू शकतात. मरळ हवेतील ऑक्सिजन घेऊ शकत असल्याने केवळ ऑक्सिजनच्या अभावी सहसा मरत नाही. मृतांत तोही मोठ्या संख्येने आढळल्यास विषारी द्रव्याचा संशय घ्यावा लागतो.

सह्याद्रीच्या परिसरात गेळाची फळे ठेचून डोहात टाकण्याची जुनी पद्धत आढळते. त्यांतील सॅपोनिनांमुळे (साबणासारखा फेस आणणाऱ्या द्रव्यांमुळे) कल्ल्यांना इजा होऊन गुंगलेले मासे वर येतात. सुरुंगाने मारलेल्या माशांत याउलट घडते. धक्क्याने वाताशयच फाटत असल्याने बरेच मासे तळाशी जातात आणि वर दिसणाऱ्या माशांवरून केलेली मोजणी प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी भरते. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या मासेमारीविषयक कायद्याने भारतात मनाई केलेली आहे.