गळतीरोधक कवच (चपट्या घटांच्या बॅटरीचे)

चपटे विद्युत् घट एकावर एक रचून एकसर जोडलेल्या बॅटरीतील द्रव बाहेर किंवा शेजारच्या घटात झिरपू नये, यासाठी केलेली वेष्टने, लुकण आणि बाह्य आवरण यांची एकत्रित रचना. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय.

इतिहास : आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी २० मार्च १८०० रोजी जोझेफ बँक्स यांना लिहिलेल्या पत्रात चांदी, जस्त व खाऱ्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा यांच्या चकत्यांचा स्तंभ वर्णिला. स्तंभ उंच केला की वरच्या चकत्यांच्या भाराने खालच्या पुठ्ठ्यांतील पाणी पिळून निघे, कडेने ओघळे आणि घटांना आपसांत जोडून टाकी. रचित बॅटरी आणि तिची गळती यांचा जन्म असा एकदमच झाला.

गळतीरोधक कवचाचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. काही लेखक तो ‘कोरड्या’, म्हणजे जवळजवळ ओलावा नसलेल्या, स्तंभांत पाहतात. झां आंद्रे द ल्यूक यांचा स्तंभ १८१० च्या सुमारास, तर जूझेप्पे झांबोनी यांचा साधारण १८१२ मध्ये पुढे आला. या दोघांत अग्रमान कोणाला द्यावा, हा वाद जुनाच आहे आणि त्यांच्याआधी बेरेन्स यांनी केलेल्या प्रयोगांचाही दाखला दिला जातो. या परंपरेतील ऑक्सफर्डची विद्युत् घंटा १८४० पासून वाजते आहे. तिचे स्तंभ त्याआधी काही वर्षे बनले असावेत, असेही एक मत आहे. त्यांवर गंधकाचा लेप आहे आणि तो आतला नाममात्र ओलावा टिकवून धरतो. मात्र या स्तंभांतून मिळणारा प्रवाह अत्यंत क्षीण असतो व ओघळण्याजोगा द्रव त्यांत जवळजवळ नसतोच. त्यामुळे विल्यम क्रुकशँक यांच्या द्रोणी-बॅटरीला पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तिचा काळ सामान्यतः १८०० ते १८०२ असा दिला जातो. क्रुकशँक यांनी तांबे-जस्ताच्या जोडपट्ट्या लाकडी पेटीच्या खाचांत लुकणाने पक्क्या बसवल्या. प्रत्येक घटाचा द्रव त्याच्याच कप्प्यात राहिला पाहिजे, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते आणि आजचे कवचही त्यावरच उभे आहे.

झॉर्झ लक्लांशे यांचा घट १८६६ चा, तर कार्ल गासनर यांचा कोरडा घट १८८६-८७ चा. गासनर यांच्या घटात जस्ताचा पेला हेच भांडे असल्याने चपट्या रचनेची वाट काही काळ मागे पडली. रेडिओला लागणाऱ्या उच्च व्होल्टतेच्या बॅटऱ्यांमुळे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा पुढे आली. ट्रांझिस्टरसाठीची नऊ व्होल्टची बॅटरी सर्वसाधारणपणे १९५६ ची मानतात.

रचना : नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या ‘६एफ२२’ या प्रमाण संज्ञेत सहा म्हणजे घटांची संख्या व ‘एफ’ म्हणजे चपटा आकार. प्रत्येक घटात तळाशी जस्ताची पट्टी, तिच्यावर खळीचा लेप दिलेला कागद आणि त्यावर मँगॅनीज डाय-ऑक्साइड व कार्बन काजळी यांची विद्युत् विच्छेद्याने (घटातील विद्युत् वाहक द्रावणाने) ओली केलेली वडी असते. विच्छेद्यात नवसागर, झिंक क्लोराइड किंवा दोन्ही असतात. जस्ताच्या खालच्या बाजूस कार्बनयुक्त संवाहक लेप असतो आणि तोच खालच्या घटाचे धनाग्र होतो. घटाच्या कडेभोवती प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन आवळून बसवतात. सहा घटांची चळत दाबून बांधतात, मेणाने बंद करतात आणि पत्र्याच्या आवरणात घालतात.

गळतीची कारणे : लांबट गोल घटात जस्ताचा पेलाच झिजून त्याला भोक पडते. चपट्या घटात जस्त हे भांडे नसल्याने हे कारण उरत नाही, पण तीन नवी कारणे उभी राहतात. पहिले कारण दाब. थरांचा विद्युत् संपर्क टिकण्यासाठी चळत आवळलेली असावी लागते आणि तोच दाब वडीतला द्रव कडेकडे ढकलतो. दुसरे कारण वायू. जस्ताच्या क्षरणातून हायड्रोजन निघतो, घट साफ उतरल्यावर व उष्णतेत तो वाढतो. तिसरे कारण सर्वांत घातक असूनही बाहेरून दिसत नाही. कडेवर ओलाव्याची पुसट रेघ जरी एका घटाकडून दुसऱ्याकडे गेली, तरी तिच्यातून चोरटा प्रवाह सुरू होतो. पाण्याच्या विघटनास सैद्धांतिकदृष्ट्या १.२३ व्होल्ट पुरतात, आणि शेजारच्या दोन घटांतील फरकच सुमारे १.५ व्होल्ट असतो. त्यामुळे त्या रेघेतच आणखी वायू निर्माण होऊ शकतो व गळती स्वतःला वाढवत नेते. कार्बनच्या लेपात सुईच्या अग्राएवढे छिद्र राहिले तरी पलीकडचे जस्त आतून खाल्ले जाते. तळाच्या ऋणाग्रापासून वरच्या बटणापर्यंत जाणारी धातूची पट्टी चळतीच्या कडेला लागून चढते. तिच्यात आणि सर्वांत वरच्या घटात जवळजवळ पूर्ण नऊ व्होल्टांचा फरक असतो, म्हणून तिथल्या निरोधनाला सर्वाधिक जपावे लागते.

उपाय : कवच हवाबंद करणे हा उपाय नव्हे. हायड्रोजनला वाट मिळाली नाही तर चळत फुगते, थरांचा संपर्क सुटतो आणि शेवटी लुकण फाटून द्रव जोराने बाहेर पडतो. म्हणून कवच द्रव अडवणारे, पण वायू हळूहळू जाऊ देणारे असावे लागते. मेण फार ठिसूळ असेल तर थंडीत तडकते आणि फार मऊ असेल तर उन्हाळ्यात सरकते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बंद दुकानांत ठेवलेल्या मालाला हा मुद्दा थेट लागू पडतो. वेष्टनाची पकड, कडेला सोडलेली मोकळी जागा आणि शोषक पुठ्ठा या तिन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो. रसायनाचीही मदत होते. झिंक क्लोराइडचे विच्छेद्य वापरलेल्या घटात विद्युत् निर्मितीच्या विक्रियेत पाणी बांधले जाते, त्यामुळे घट उतरताना कोरडा होत जातो. पूर्वी जस्तावर पाऱ्याचा संस्कार करून हायड्रोजन रोखत. विषारीपणामुळे ती पद्धत १९९० च्या दशकात बहुतेक ठिकाणी मागे पडली. अल्कली घटांतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड तर धातूच्या पृष्ठभागावरून वर सरपटते, म्हणून तेथे मेणाऐवजी नायलॉनचे गॅस्केट वापरतात. जुन्या बाजारातील ट्रांझिस्टरच्या कप्प्यांत दिसणारी पांढरी पूड या अल्कलीचीही असू शकते. ती उघड्या बोटांनी खरवडू नये.

पुणे : भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरची ती जागा आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. हवामान खाती सोडतात त्या फुग्याबरोबर वर जाणाऱ्या रेडिओसाँडमध्ये (हवेच्या नोंदी रेडिओने खाली पाठवणाऱ्या उपकरणात) दीर्घकाळ वापरली गेलेली मॅग्नेशियम-क्युप्रस क्लोराइड बॅटरी हीसुद्धा चपट्या घटांची चळतच असते. ती कोरडी साठवतात व उड्डाणापूर्वी पाण्यात बुडवतात. साठवणीत द्रव नसल्याने बाहेरच्या गळतीचा प्रश्न येत नाही. पाणी शिरल्यावर मात्र घटाघटांतील चोरटा प्रवाह सुरू होतो. उड्डाण सुमारे दोन तासांचे असल्याने तो सोसता येतो, उलट विक्रियेतून निघणारी उष्णता वरच्या थंड हवेत बॅटरी उबदार ठेवते. येथील कवचाचे मुख्य काम ओलावा उड्डाणाआधी आत शिरू न देणे हे असते.

विद्युत् दुचाकींतील लिथियम-आयन पिशवी-घटांच्या चळतींपुढेही दाब आणि वायू यांचाच पेच असतो. त्यांच्या सुरक्षेचे ए. आय. एस. १५६ हे मानक पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रसिद्ध केले असून कंपन-चाचणीत विच्छेद्याची गळती न होणे ही त्यातील एक अट आहे.