ट्रकच्या इंजिनाचे फेरे व डिझेलचा खप

इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या खेपांनी फिरणारा दांडा, मिनिटाला किती फेरे घेतो, यावर ट्रकला किलोमीटरमागे लागणारे डिझेल बऱ्याच अंशी ठरते. पुणे–हैदराबाद (राष्ट्रीय महामार्ग 65) आणि तुळजापूर–विजयपूर (52) हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या सोलापुरात या खपाला ‘ॲव्हरेज’ म्हणतात. सरासरीशी त्या शब्दाचा आता फारसा संबंध उरलेला नाही.

गाडीचा वेग निराळा, इंजिनाची गती निराळी. ताशी 60 किमी. वेगाला खालच्या गिअरात फेऱ्यांचा काटा 2,000 वर असेल, तर वरच्या गिअरात तो 1,400 च्या आसपास उतरतो. चाकांना लागणारी शक्ती तेवढीच. पिस्टनच्या खेपा मात्र पहिल्या स्थितीत सुमारे 40 टक्क्यांनी जास्त, आणि खेपेगणिक घर्षण आलेच.

हे घर्षण मोजावे कसे, यावर मतभेद आहेत. विलन्स रेषेची पद्धत मूळची वाफेच्या इंजिनांची, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. इंग्रज अभियंते पीटर विलन्स यांच्या नावाने ती ओळखली जाते. फेरे स्थिर ठेवून निरनिराळ्या भारांना खप मोजतात, त्याचा आलेख काढतात आणि ती रेषा शून्य खपापर्यंत मागे वाढवतात. तिथे जो ऋण भार येतो ते घर्षण. जास्त भाराला रेषा वाकते, ही तिची अडचण. दुसऱ्या पद्धतीत इंजिन विजेच्या मोटरने फिरवतात. पण ज्वलनाचा दाब व उष्णता नसलेले इंजिन चालत्या इंजिनासारखे घासत नाही. डिझेलपुरती पहिली पद्धत त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते. घर्षण फेऱ्यांबरोबर वाढते, हे दोन्हींतून दिसते.

फेरे फार खाली आले तरी खप बिघडतो. उष्णतेला सिलिंडरच्या भिंतीत मुरायला वेळ मिळतो, टर्बोची (सिलिंडरात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची) हवा कमी पडते. तुळजापूरच्या घाटात सिमेंटच्या गोण्यांनी भरलेली गाडी टॉपलाच रेटली की केबिन थरथरते, धूर काळा पडतो. एक गिअर पाडला की आवाज चढतो आणि गाडी ओढायला लागते. डायलवरचा हिरवा पट्टा, बहुतेक अवजड ट्रकांत साधारण 1,200 ते 1,600 फेऱ्यांचा, किफायतीचा मानतात. तिथे चांगल्या भाराला चांगले इंजिन किलोवॉट-तासाला सुमारे 200 ग्रॅम डिझेल घेते.

उतारावर न्यूट्रल करण्याची सवय जुनी आहे. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर ठेवून पाय काढला की डिझेल बंद होते. न्यूट्रलमध्ये ते इंजिन चालू ठेवण्यापुरते जळतच राहते, शिवाय ब्रेक तापतात.

वेग ताशी 60 वरून 80 किमी. झाला की हवेचा रोध सुमारे पावणेदोन पट होतो; त्यापायी वाढणारा खप फेरे हिरव्या पट्ट्यात असले तरी टळत नाही.