नांगर दोन वर्षं पडून होता: गळ्यात न मारता विकण्याची जुनी गोष्ट

हल्ली दर आठवड्याला कुठला ना कुठला वेबिनार असतो, ‘ऑथेंटिक लीडरशिप’, ‘नो प्रेशर सेलिंग’, ग्राहकाशी नातं जोडा वगैरे वगैरे, आणि गंमत म्हणजे हे ऐकायला नाव नोंदवलं की शेवटच्या दहा मिनिटांत तिथेच घड्याळ उलटं फिरायला लागतं, फक्त आज, फक्त पहिल्या पन्नास जणांसाठी. म्हणजे दबाव टाकू नका हे शिकवणारा कोर्स दबाव टाकून विकायचा. तर म्हटलं हे सगळं आलं कुठून ते एकदा नीट लिहून काढू. आमचं पंप-पाइपचं दुकान आहे, पलूसच्या बाजूला, किर्लोस्करवाडीचं स्टेशन आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे या गोष्टीतला अर्धा भाग, म्हणजे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा, लहानपणापासून कानावर आहे. दुसरा अर्धा अमेरिकेतला आहे आणि तो नंतर वाचून कळला.

आधी अमेरिका. ओहायोत डेटन नावाचं गाव आहे. तिथे जॉन पॅटरसन नावाच्या माणसानं १८८४ मध्ये कॅश रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विक्रीची नोंद ठेवणारी गल्ल्याची पेटी, बनवणारी एक छोटी कंपनी विकत घेतली आणि तिचं नाव नॅशनल कॅश रजिस्टर ठेवलं. याचं स्वतःचं आधी एक दुकान होतं, कोळशाच्या खाणीजवळ, गिऱ्हाईक भरपूर पण वर्षाअखेरी हातात काही नाही, मग त्यानं गल्ल्यावर ही मशीन आणून बसवली आणि तोटा थांबला. त्यामुळे याला मशीनची खात्री होती, पण बाकी कुणालाच ती नको होती. दुकानदाराला वाटायचं एवढे पैसे एका पेटीवर कशाला, आणि गल्ल्यावरच्या नोकरांना तर ती सरळ अपमानासारखी वाटायची, कारण मशीन बसवणं म्हणजे ‘तू चोर आहेस’ असं तोंडावर सांगणं.

मग पॅटरसननं काय केलं, तर त्याच्या मेव्हण्याला, जोसेफ क्रेनला, विक्री जमायची. तो प्रत्येक दुकानात जवळपास तेच तेच बोलायचा. ते बोलणं १८८७ मध्ये कागदावर उतरवलं आणि सगळ्या सेल्समनना पाठ करायला लावलं, अगदी शाळेत कविता पाठ करतात तसं, पाठ नसेल तर नोकरीला धोका. पुढे प्रत्येकाला ठरलेला इलाका, ठरलेला कोटा, ट्रेनिंगची शाळा. आज आपल्याला फोनवर ‘सर, दोनच मिनिटं घेते’ म्हणणारी मुलगी जो कागद बघून बोलत असते ना, त्या कागदाचा पणजोबा हा असं मी समजतो.

पॅटरसन काही खलनायक नव्हता, हे पण सांगायला पाहिजे. कारखान्याच्या भिंती काचेच्या केल्या, कामगारांना उजेड मिळावा म्हणून, १९१३ च्या मार्चमध्ये डेटनला महापूर आला तेव्हा कंपनीच्या सुतारांनी होड्या बनवल्या आणि माणसं वाचवली. पण त्याच वर्षी, पुराच्या महिनाभर आधी, कोर्टानं त्याला आणि त्याच्या बऱ्याच अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं होतं, प्रतिस्पर्धी कंपन्यांना गैरमार्गानं संपवलं म्हणून. १९१५ मध्ये अपिलात तो निकाल फिरला. त्या दोषींमध्ये थॉमस वॉटसन होता, त्याला पॅटरसननं पुढे काढून टाकलं, आणि त्यानं ज्या कंपनीचा कारभार १९१४ मध्ये हातात घेतला तीच १९२४ पासून आयबीएम, पुढे कॉम्प्युटरसाठी गाजलेली. म्हणजे डेटनची विद्या कुठवर पोचली बघा.

आता बेळगाव. पॅटरसनची माणसं पाठांतर करत होती साधारण त्याच सुमाराला, १८८८ मध्ये, बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान उघडलं. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत होते, आधी जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते पण रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, मग यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकलमध्ये शिकवायला लागले. मुंबईहून सायकली पाठवायचे, बेळगावात थोरले भाऊ रामुअण्णा विकायचे. पण सायकल विकायची तर ती चालवता आली पाहिजे माणसाला! म्हणून शिकवणीही तेच द्यायचे, पंधरा रुपये फी. मला यातली ही शिकवणीच जास्त महत्त्वाची वाटते, कारण पुढे जे झालं त्याची सवय इथेच लागली असणार. पुढे लक्ष्मणरावांचं प्रमोशन डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिलं आणि ते नोकरी सोडून बेळगावला आले.

तिथे आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घेईना कुणी. लोखंडानं जमीन विषारी होते असा समज होता. आपल्याला हसू येतं आता, पण शेतकऱ्याच्या जागी बसून बघा, पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर, जमीन एकच, वर्षातून पीक एकच, आणि शहरातला एक ड्रॉइंग मास्तर म्हणतो हे लोखंड घाला तुमच्या रानात. चुकलं तर मास्तरचं काय जातंय. वर्ष जातंय ते शेतकऱ्याचं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं!

डेटनमध्ये पण हाच प्रश्न होता ना? माल चांगला, आणि गिऱ्हाइकाला नको. एकानं पाठ केलेलं बोलणं दिलं. दुसऱ्यानं थांबून बघितलं, तरी तो हात बांधून बसला नव्हता, आणि आपल्याकडे नेमकी इथेच गल्लत होते. मराठी दुकानदाराबद्दलचे जोक सगळ्यांना माहिती आहेत, दुपारी एक ते चार बंद, ‘घ्यायचं असेल तर बोला’, वगैरे. ते पण दबाव न टाकणंच झालं की एका अर्थानं, पण त्याला विक्री नाही म्हणत. लोखंडी नांगर माती पालटतो, हरळी-कुंद्यासारखं तण मुळासकट वर येतं, हे बोलून कोण ऐकणार, ते रानात दिसलं तरच पटतं. एकाच्या बांधावरून दुसऱ्यानं बघितलं की मग तो आपण होऊन विचारतो, हा नांगर कुठला.

पण या दोन वर्षांत घर कशावर चाललं? हा प्रश्न कुठल्याच वेबिनारात कुणी विचारत नाही. कडबा कापायची यंत्रं होती, दुरुस्तीची बारीकसारीक कामं होती, रामुअण्णांचा आधार होता. म्हणजे थांबायला पैसा लागतो राव. ज्याच्या डोक्यावर महिनाअखेरचं टार्गेट आहे त्या पोराला ‘तू ऑथेंटिक राहा’ सांगून काय उपयोग, त्याचा पगार कोट्यावर बांधलाय, तो गळ्यात मारणारच. दबाव सेल्समनच्या स्वभावात नसतो हो, तो त्याच्या पगारपत्रकात असतो, आणि ते पगारपत्रक बनवणारा मालकच लीडरशिपवर भाषण देत असतो.

पुढचं थोडक्यात. बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारासाठी सोडावी लागली आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन दिली, बत्तीस एकर माळ, निवडुंग आणि साप एवढंच उगवायचं तिथे, आणि दहा हजार रुपये कर्ज. मार्च १९१० मध्ये किर्लोस्करवाडी सुरू झाली. स्टेशनाचं नाव पुढे बदललं, आज रेल्वेच्या तिकिटावर किर्लोस्करवाडीच येतं. तिथे लक्ष्मणरावांनी शिवाशिव चालू दिली नाही, आणि शिक्षा भोगून आलेली माणसं रात्रीच्या पहाऱ्याला ठेवली, म्हणजे ज्यांना गाव कडी लावून घेतं त्यांच्याच हातात गावाची राखण. लीडरशिप हा शब्दही तेव्हा आपल्याकडे कुणी वापरत नसेल.

आणि मग १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, शंकरराव किर्लोस्करांच्या हातून, ज्यांना लोक शंवाकि म्हणून ओळखायचे. कारखान्याचं पत्रक म्हणूनच ते निघालं होतं. पण नुसता नांगराचा भाव आणि माहिती किती दिवस छापणार, त्यात हळूहळू बाकीचं आलं, लेख आले, गोष्टी आल्या, आणि शेवटी ते ‘किर्लोस्कर’ मासिकच झालं. त्याच घरातून १९३० ला ‘स्त्री’ आणि १९३४ ला ‘मनोहर’. ज्या घरात नांगर घ्यायचा प्रश्नच नव्हता, पुण्यातल्या वाड्यात, गिरगावातल्या चाळीत, तिथेही हे नाव महिन्याला पोचायला लागलं. आता याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि कोर्सची फी घेतात 😄

परदेशात दरम्यान डेटनच्या विद्येचा जोर वाढत गेला, दारोदारची विक्री, पाय दारात घालून उभं राहणं. इतकं झालं की अमेरिकेत सत्तरच्या दशकात नियमच करावा लागला, घरी येऊन कुणी माल विकला तर तीन दिवसांत सौदा रद्द करायचा हक्क. त्याच सुमाराला, १९७० मध्ये, रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या माणसानं, टेलिफोन कंपनीत आयुष्य घालवून निवृत्त झालेला माणूस, ‘सर्व्हंट लीडर’ म्हणजे आधी सेवक आणि मग पुढारी अशी कल्पना एका निबंधात मांडली. १९८८ मध्ये नील रॅकहॅमचं विक्रीवरचं पुस्तक आलं, त्याच्या टीमनं बारा वर्षं, पस्तीस हजार विक्रीभेटींचा अभ्यास केला होता, आणि निघालं काय तर सौदा पक्का करायच्या ज्या युक्त्या शिकवल्या जातात त्या बारक्यासारक्या मालाला चालतात, मोठ्या खरेदीला उलट नडतात. मोठ्या खरेदीत चांगला सेल्समन बोलतो कमी, विचारतो जास्त. हे आमच्या आजोबांनीही सांगितलं असतं, पण पस्तीस हजार भेटी मोजून नाही, हा फरक आहेच.

‘ऑथेंटिक लीडरशिप’ हा शब्द गाजला तो बिल जॉर्जमुळे. मेडट्रॉनिक म्हणजे पेसमेकर बनवणारी कंपनी, तिचा हा माजी प्रमुख, पुस्तक आलं २००३ ला. साल बघा. एन्रॉन ही ऊर्जा कंपनी हिशेबातल्या घोटाळ्यानं बुडून दोनच वर्षं झाली होती, अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या साहेबांवर कुणाचा विश्वास उरला नव्हता. अशा वेळी ‘खरं वागा’ हे सांगायला बाजार तयारच होता. मी हे कुत्सितपणे म्हणत नाही, पण खरेपणाची मागणी खोटेपणा उघडा पडल्यावरच वाढते असं दिसतंय.

आपल्याकडे गळ्यात मारायची विद्या टायवाल्या पोरांबरोबर आली असं माझं मत. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स सुरू झाली, व्हॅक्यूम क्लीनर घरोघर, आणि एक खरं सांगतो, त्या पोरांनी मेहनत केली, गादीवर मशीन फिरवून धूळ काढून दाखवायची, हे बांधावरच्या नांगरासारखंच की. पण त्यांच्या मागून जे आलं ते वेगळं. मला एकदा फोन आला, लकी ड्रॉ लागलाय, हॉटेलात या, जोडीनंच या. गेलो. थंडगार हॉल, प्रत्येक टेबलावर एक हसरा मुलगा, सुट्टीच्या मेंबरशिपचं आल्बम, आणि दर पंधरा मिनिटांनी कोपऱ्यात कुणीतरी टाळ्या वाजवायचं, ‘अमुक फॅमिलीनं घेतलं!’ नको म्हटलं की वरचा साहेब यायचा, त्याला नको म्हटलं की त्याच्या वरचा. साडेतीन तास. बायको शेवटी पाणी प्यायला उठली ती थेट पार्किंगमध्ये गेली आणि तिथून मला फोन केला, या आता. भेट म्हणून कॅसरोलचा सेट मिळाला, त्याचं एक झाकण बसत नाही.

या सगळ्याला कायद्यानं लगाम घालायला वेळ लागला. नको असलेले फोन थांबवायचं रजिस्टर २००७ ला आलं, ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९ चा, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं ‘डार्क पॅटर्न’चे, म्हणजे वेबसाइट-ॲपवर गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांचे, तेरा प्रकार यादी करून बंद केले, ‘दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, न सांगता कार्टमध्ये वस्तू सरकवणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण. यादी वाचताना मला तो हॉल आठवत होता, फक्त टाळ्यांचा प्रकार त्यात नाही.

आमच्या दुकानात एक बाक आहे. उसाचं बिल जमा व्हायच्या आधी लोक येतात, बसतात, चहा घेतात, भाव विचारतात, जातात. आमचे वडील कधीच ‘कधी घेताय’ विचारायचे नाहीत, मी पण नाही विचारत, त्यातले बरेच जण चार-सहा महिन्यांनी येतातच. एक तात्या मागच्या दिवाळीपासून पाच एचपीचा पंप बघून जात होते, मोटर उचलून बघायचे, ठेवायचे. परवा आले, फूट व्हॉल्व्हचं वॉशर घेतलं फक्त, आणि निघताना म्हणाले, “त्या पंपाचा भाव तोच हाय न्हवं?”

म्हटलं, तात्या, वाढला की, गेल्याच महिन्यात.

“मग आधी सांगायचं न्हाईस व्हय रं!”