दगडाची चव खरंच दगडातून येते का?

जर्मनीतल्या वुर्त्सबुर्ग शहरात माइन नदीवर एक जुना दगडी पूल आहे. संध्याकाळच्या वेळी तिथं गर्दी असते ती हातात वाईनचा ग्लास घेऊन कठड्याला टेकलेल्या लोकांची. पुलाच्या टोकाशी अनामत भरायची, ग्लास घ्यायचा आणि नदीकडे बघत सावकाश प्यायची, ही इथली रीत. ग्लासात बहुतेक वेळा झिल्वानर असते.

जर्मन वाईन म्हटलं की आपल्याकडे रीस्लिंगचंच नाव निघतं. झिल्वानर हे पांढऱ्या वाईनचं द्राक्ष जर्मनीबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. एकेकाळी, विसाव्या शतकाच्या मध्याला, देशात सर्वांत जास्त लागवड याच जातीची होती. इथल्या फ्रांकेन प्रदेशात तिची पहिली नोंद सापडते ती १६५९ सालची, कास्टेल गावातली. आजही फ्रांकेनची माणसं ती बॉक्सबॉयटल नावाच्या चपट्या, गोल पोटाच्या बाटलीत अभिमानानं भरतात. तिचं वर्णन करताना एक शब्द हमखास येतो: दगड. 'ओल्या दगडासारखी', 'चुनखडीसारखी'. शहराच्या डोक्यावरच्या प्रसिद्ध द्राक्षमळ्याचं नावच 'श्टाइन', म्हणजे दगड!

त्या उतारावरचा खडक आहे मुशेलकाल्क, शब्दशः शिंपल्यांचा चुनखडक. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी इथं उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा गाळ. वेलीची मुळं अशा खडकात शिरतात आणि त्याची चव द्राक्षात आणतात, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण वेलीला खडक खाता येत नाही. मुळं घेतात ती पाणी आणि त्यात विरघळलेले पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे आयन. चुनखडीला स्वतःला वास नाही, आणि वाईनमध्ये उतरणाऱ्या खनिजांचं प्रमाण इतकं कमी असतं की त्यांची वेगळी चव जिभेला कळणं कठीण.

मग तो दगड येतो कुठून? पहिल्या पावसाचा वास आठवा. आपण त्याला मृद्गंध म्हणतो, पण त्यातला ओळखीचा गंध असतो जिओस्मिन या रेणूचा, आणि तो मातीतले जिवाणू तयार करतात. वाईनमध्येही असंच काहीसं घडतं. गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर येतो तसा वास देणारे गंधकयुक्त रेणू वाईनमध्ये सापडले आहेत. त्यांचा उगम खडकात नाही. शिवाय झिल्वानरला फळांचा किंवा फुलांचा ठसठशीत सुवास नसतो. नाकाला पकडायला फारसं काही नसलं की आंबटपणा आणि हलकासा तुरटपणा पुढे येतो, आणि मेंदू त्याला जवळची उपमा शोधतो. खडकाचं काम वेगळंच आहे: पाणी किती धरून ठेवायचं, किती निचरू द्यायचं, दिवसाची ऊब किती साठवायची. हे काम लहान नाही, पण ते चवीपर्यंत पोहोचतं द्राक्षाच्या पिकण्यातून.

आणि पिकणं म्हणजे मुख्यतः आंबटपणाचा हिशेब. द्राक्षात दोन आम्लं महत्त्वाची. टार्टारिक, जे चिंचेत असतं, आणि मॅलिक, जे हिरव्या सफरचंदात असतं. टार्टारिक चिवट आहे, म्हणून तर चिंच पिकली तरी आंबटच राहते. मॅलिक मात्र द्राक्ष पिकताना श्वसनात जळतं, आणि जितकी उष्णता जास्त तितकं भराभर जळतं. आपल्या नाशिकला ऑक्टोबर छाटणीनंतरची द्राक्षं उन्हाच्या चढत्या दिवसांत पिकतात, त्यामुळे ही चिंता तिथल्या बागायतदाराला चांगली ठाऊक आहे. उष्ण प्रदेशांत वाईन करताना रसात टार्टारिक आम्ल घालण्याची पद्धत आहे. फ्रांकेनमध्ये उलट! द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गार रात्रींत पिकतात, आम्ल टिकून राहतं, आणि फारच थंड वर्षी रसात कॅल्शियम कार्बोनेट घालून आंबटपणा उतरवावा लागतो.

झिल्वानर समजून घ्यायची तर तिच्या शेजारी एक ग्लास शॉयरेबेचा हवा. राइनहेसेनमधल्या आल्त्साय इथं गेओर्ग शॉय यांनी १९१६ मध्ये ही जात संकरातून तयार केली. आईबाप म्हणून झिल्वानर आणि रीस्लिंग यांची नावं अनेक दशकं पुस्तकांत छापली गेली. पुढे डीएनए तपासणीत रीस्लिंग बरोबर निघाली, दुसरी जात मात्र बुकेटट्राउबे निघाली, जी स्वतः झिल्वानरची संतती आहे. म्हणजे झिल्वानर घरातलीच, फक्त एक पिढी मागे.

नातं एवढं जवळचं, पण वासात जमीन-अस्मानाचा फरक. शॉयरेबेला पपनसासारखा, ब्लॅककरंट या काळ्या बेरीसारखा तीव्र सुगंध येतो. १९९७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हेल्मुट गुथ यांनी दाखवलं की या सुगंधामागचा कळीचा रेणू गंधकयुक्त आहे, थायॉल गटातला. लिटरमागे एखादा नॅनोग्रॅम असला तरी तो नाकाला कळतो. एक ग्रॅम घेऊन ऑलिंपिकचे चारशे जलतरण तलाव भरतील एवढ्या पाण्यात मिसळला, तर साधारण हे प्रमाण येतं. त्याहून विलक्षण म्हणजे द्राक्षात हा रेणू दुसऱ्या रेणूला जखडलेला असतो आणि त्याला वास नसतो. किण्वनात यीस्टची विकरं त्याला मोकळं करतात, तेव्हाच तो दरवळतो.

हे सगळं स्वतः पडताळता येतं. दोन्ही वाईन थंड असू द्या, पण बर्फगार नकोत. फार थंडीत गंधरेणू उडतच नाहीत. नाक चिमटीत घट्ट धरा आणि एक घोट झिल्वानरचा घ्या. आंबट, किंचित तुरट. आता शॉयरेबे. जवळजवळ तेच! दुसरा घोट तोंडात असतानाच चिमूट सोडा. घशामागून हवा नाकात शिरते आणि पपनस एकदम उमलतं. मग पुन्हा झिल्वानरकडे या, नाक मोकळं ठेवून. आता तिचा शांतपणा रिकामा वाटत नाही.