खुलासा : ‘पानमेंढी’ उन्हावर पोट भरत नाही

‘झाडासारखं प्रकाशसंश्लेषण करून जगणारा प्राणी’ म्हणून एका हिरव्यागार, मेंढीतोंड्या जिवाचा फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. फोटो खरा, प्राणीही खरा. दावा मात्र अर्धवट.

ही ‘पानमेंढी’ म्हणजे कोस्टासिएला कुरोशिमे, शंख नसलेली समुद्री गोगलगाय. जपानच्या कुरोशिमा बेटावरून नाव पडलं. फिलिपाइन्स, इंडोनेशियातही सापडते. लांबी जेमतेम ५ ते १० मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. मेंढीचे कान वाटतात ते खरं तर वास घेणारे अवयव. डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, अगदी जवळजवळ टेकवलेले. त्यामुळेच चेहरा असा बावळट-गोड दिसतो.

ही खाते, आणि चांगलं खाते. अव्ह्रेनव्हिलिया नावाच्या शेवाळाची पेशी दातानं भोसकायची आणि आतला रस ओढायचा, शहाळ्यात स्ट्रॉ खुपसावा तसा. रसातली हरितलवकं, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे कण, पचवून न टाकता ती पाठीवरच्या पानांसारख्या फुगवट्यांत साठवते. पचनग्रंथीचे फाटे तिथपर्यंत गेलेले असतात. चोरीचा माल काही काळ चालतोही.

पण त्यावर ती जगते का? २०१४ साली तिच्याच गटातल्या, उष्ण समुद्रातल्या प्लाकोब्रँकस ओसेलाटस या गोगलगायी उपाशी ठेवून पाहिल्या : काही उजेडात, काही अंधारात. अंधारातल्याही कित्येक आठवडे तगल्या आणि वजन दोन्हीकडे सारखंच घटलं. हरितलवकांचा थोडाफार हातभार लागत असेल. काही संशोधक त्यांना अडीअडचणीचा शिधा मानतात. रोजचं जेवण मात्र शेवाळच.