कॉइल किती वेगाने फिरवावी? खोलवरची नाणी शोधणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या मेटल डिटेक्टरांबरोबर बहुधा एकच तक्रार येते: वरवरची नाणी यंत्र चोख दाखवते, पण खोलवरचे काहीच दाखवत नाही. यातली बरीच यंत्रे तपासणीत ठणठणीत निघतात. दोष कॉइल (दांड्याच्या टोकाची, धातू शोधणारी चकती) फिरवण्याच्या वेगात असतो आणि तो यंत्र उघडून दुरुस्त करता येत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे.

कार्यशाळेच्या मागे आम्ही प्लास्टिकचा एक पाइप जमिनीत तिरपा पुरून ठेवला आहे. लाकडी पट्टीच्या टोकाला नाणे बसवून ते पाइपातून हव्या त्या खोलीपर्यंत सरकवता येते आणि नाण्याच्या वरची माती मुळीच हलत नाही. नुकताच खड्डा खणून पुरलेल्या नाण्यावर घेतलेल्या चाचणीपेक्षा ही चाचणी अधिक विश्वासार्ह असते, कारण उकरलेली माती पुष्कळ दिवस पोकळ राहते आणि मुरलेल्या जमिनीसारखी वागत नाही. अलीकडे कॉइल बदलून मागणाऱ्या एका ग्राहकांना आम्ही या पाइपवर यंत्र चालवायला सांगितले. नाणे २० सेंटीमीटरवर होते. अंगण झाडावे तशी कॉइल डावी-उजवीकडे जात होती आणि हेडफोनमध्ये अधूनमधून नुसती खरखर येत होती. मग त्यांना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना मनात सावकाश ‘एक, दोन’ मोजायला सांगितले. तिसऱ्या फेराला एक बारीक, मऊ आवाज आला. ते थबकले आणि त्याच जागेवरून त्यांनी कॉइल पुन्हा नेली. यंत्र, कॉइल, सेटिंग यांतले काहीही आम्ही बदललेले नव्हते.

असे का होते, ते समजून घेतले तर सवय बदलणे सोपे जाते. नाणे लहान असेल आणि त्याचे अंतर कॉइलच्या आकाराच्या मानाने मोठे असेल, तर कॉइलचे चुंबकीय क्षेत्र नाण्यापर्यंत पोहोचताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि नाण्याचा प्रतिसाद कॉइलकडे परत येतानाही तसाच क्षीण होतो; म्हणजे अंतर दुप्पट झाले की हाती येणारा संकेत चौसष्टाव्या भागापर्यंत घसरू शकतो. शिवाय खोलवर कॉइलचा प्रभावी पट्टाही अरुंद होतो. २८ सेंटीमीटरची कॉइल वरवरच्या नाण्याला जवळजवळ आपल्या पूर्ण रुंदीभर ‘पाहते’, पण खोलवरच्या नाण्यासाठी हा पट्टा उदाहरणापुरता १० सेंटीमीटरचा धरू. दीड मीटरचा फेर अर्ध्या सेकंदात संपवला, तर कॉइल तेवढे अंतर सेकंदाच्या तिसाव्या भागात ओलांडून जाते. तोच फेर दोन सेकंदांत पूर्ण केला, तर नाण्याला त्याच्या चौपट वेळ मिळतो. मुळातच क्षीण असलेल्या संकेताला हा वेळ फार मोलाचा असतो.

यंत्रातील फिल्टरचाही येथे संबंध येतो. आजची बहुतेक यंत्रे हालचालीवर चालतात: जमिनीचा परिणाम हळूहळू बदलतो, तर धातूचा संकेत पटकन चढून उतरतो, आणि फिल्टर हळू बदलणारा भाग गाळून टाकतो. त्यामुळे कॉइल नाण्यावर नुसती धरून ठेवली तर शोधाच्या मोडमध्ये काहीच ऐकू येत नाही आणि गोगलगायीच्या चालीने नेली तर क्षीण संकेतही जमिनीबरोबरच गाळला जातो. उलट ती फार वेगाने नेली, तर संकेत पुरता चढण्यापूर्वीच कॉइल पुढे निघून जाते, आणि लोहयुक्त किंवा उंचसखल जमिनीत तर जमिनीचेच चढउतार धातूसारखे वाजू लागतात. अनेक उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत जाऊन-येऊन एका पूर्ण फेरासाठी दोन ते चार सेकंद सांगितलेले असतात. खोलवरच्या नाण्यांसाठी आपण चार सेकंदांच्या जवळपास राहावे, असे आमचे मत आहे.

जुन्या जाणत्या मंडळींना हे पटायला जड जाते, आणि त्याला कारणही आहे. १९८० च्या आसपासच्या, धातूंत फरक करणाऱ्या पहिल्या ‘मोशन’ यंत्रांना कॉइल खरोखरच झपाझप फिरवावी लागे. हात त्या यंत्रांवर तयार झाला असेल, तर त्यात आपली चूक नाही. यंत्रे मात्र बदलली आहेत.

वेगासोबत आणखी एक नुकसान नकळत होते, आणि आमच्या मते ते त्याहूनही मोठे आहे. हात घाईत असला की फेराच्या दोन्ही टोकांना कॉइल पाळण्यासारखी वर उचलली जाते. टोकाशी ती आठ-दहा सेंटीमीटर उचलली गेली, तर तेवढी खोली आपण आपल्या हाताने गमावतो. मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे क्षीण संकेत टिपण्याची यंत्राची पातळी, कितीही वाढवली तरी ती भरून निघत नाही. कॉइल जमिनीपासून एक-दोन सेंटीमीटरवर, टोकापासून टोकापर्यंत समांतर राहिली पाहिजे. त्यासाठी फेर थोडा आखूड घ्यावा, मनगटाऐवजी खांदा आणि कंबर वळवावी, आणि प्रत्येक फेरानंतर कॉइलच्या निम्म्या रुंदीपेक्षा अधिक पुढे सरकू नये.

खोलवरचे नाणे ठणकावून सांगत नाही. आवाज लहान आणि मऊ असतो, कधी एकाच दिशेने येतो, आणि धातू कोणता असावा हे सुचवणारा पडद्यावरचा आकडा उड्या मारतो किंवा लोखंडाकडे झुकतो. आकडा स्थिर नाही म्हणून पुढे जाणारे ग्राहक चांगली नाणी मागे सोडून जातात. अशा जागी उभे राहून नव्वद अंशांत वळावे आणि छोटे, संथ फेर घ्यावेत. आवाज पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येत असेल, तर परवानगी असलेल्या जागेत खोदून पाहावे.

यंत्र सुपूर्द करताना आम्ही सेन्सिटिव्हिटी कमाल पातळीच्या खाली आणि रिकव्हरी स्पीड (एक धातू टिपल्यावर पुढच्यासाठी यंत्र तयार होण्याचा वेग) मध्यमपेक्षा कमी ठेवतो, यावर काही ग्राहक नाराज होतात. रिकव्हरी जलद ठेवली की खिळे-पत्र्यांच्या गर्दीत जवळजवळचे धातू वेगळे ओळखता येतात, पण त्यासाठी खोली खर्च होते. आणि कमाल सेन्सिटिव्हिटीच्या खरखरीत तो मऊ आवाज बुडून जातो. कचरा फार असलेल्या जागेसाठी रिकव्हरी वाढवण्यापेक्षा लहान कॉइल अधिक उपयोगी पडते, आणि ती आमच्याकडे पाहायला मिळेल. मोठी कॉइल घ्यायला येणाऱ्यांना मात्र आम्ही आधी महिनाभर संथ फेर करून पाहायला सांगतो. यात आमची एक विक्री लांबते खरी, पण हात स्थिरावलेला ग्राहक त्या कॉइलचा पुरेपूर उपयोग करतो आणि ती परत घेऊन येत नाही.

तक्रार असल्यास यंत्र जसे वापरत होता तसेच, सेटिंग मूळपदावर न आणता, हेडफोनसह घेऊन यावे. तपासणीपूर्वी पाइपवर दहा मिनिटे आपल्यालाच ते चालवायला सांगितले जाईल. ही ग्राहकाची परीक्षा नव्हे: कॉइलची तार सैल आहे की फेर जलद आहे, हे आम्हाला तिथेच कळते, आणि दुसरे कारण निघाले तर आपले यंत्र आठवडाभर आमच्या फळीवर अडकून राहत नाही.